आधी सांगा, कशावर गरम होत नाही?

"दादा, गरमच करत नाही बघा," एवढं सांगून गिऱ्हाईक ओव्हन काउंटरवर ठेवतं. कुर्ला पश्चिमेला पाईप रोडच्या बाजूला माझा दुरुस्तीचा गाळा आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशावर गरम होत नाही? मायक्रोवर, ग्रिलवर की कन्व्हेक्शनवर? बहुतेकांनी ते तपासलेलं नसतं. पण कव्हरचा एकही स्क्रू न काढता दोष कुठे शोधायचा, ते या उत्तरातूनच कळतं.

कॉम्बिनेशन ओव्हन म्हणजे एकाच डब्यात बसवलेली दोन वेगळी यंत्रं. एक लहरींचं. त्यात ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, डायोड आणि लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन येतात. दुसरं साध्या उष्णतेचं: मागे पंखा आणि त्याभोवती हीटर, वर ग्रिलची कॉइल. दोघांमध्ये सामायिक म्हणजे वायर, फ्यूज, दरवाजाचे स्विच आणि हुकूम देणारं सर्किट, ज्याला आम्ही पीसीबी म्हणतो. कन्व्हेक्शनवर हवा तापते पण मायक्रोवर पाणी थंडच राहतं, म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि दोष लहरींच्या बाजूला आहे. दोन्ही बंद आणि डिस्प्लेही काळा, तर मॅग्नेट्रॉनचं नावही काढू नये. आधी सॉकेट, वायर आणि फ्यूज पाहावा.

सॉकेटचं मुद्दाम सांगतो. कन्व्हेक्शनला दोन हजार वॉटच्या आसपास, काही मॉडेलांना त्याहून जास्त भार लागतो. त्याला अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंटच हवा. आमच्याकडे चाळीतल्या कितीतरी खोल्यांत 6 अँपिअरच्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून ओव्हन चालवतात. मग पिना काळ्या पडतात, प्लग वितळतो आणि दोष मात्र ओव्हनला दिला जातो.

लहरींची ताकद घरीही मोजता येते. साध्या प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात एक लिटर गार पाणी घ्या. स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान बघा, पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा, ढवळा आणि पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा, साधारण तितके वॉट पाण्याला मिळाले. 900 वॉटच्या ओव्हनला बारा-तेरा अंश वाढ यायला हवी. ती पाच-सहावर अडकली, तर मॅग्नेट्रॉन थकला असेल किंवा विजेचा दाब कमी असेल. एकही अंश वाढला नाही, तर मॅग्नेट्रॉनला वीजच मिळत नाही किंवा तो गेलेला आहे. ओव्हन रिकामा ठेवून मायक्रो कधीही चालवू नका. लहरी शोषायला आत काही नसलं की त्या परत फिरतात आणि मॅग्नेट्रॉनच तापतो.

आता दरवाजा. त्याच्या कडीमागे बहुधा तीन छोटे मायक्रोस्विच असतात. दोन स्विच दार उघडलं की वीज तोडतात. तिसरा त्यांच्यावर पहारा ठेवतो, त्याला मॉनिटर स्विच म्हणतात. पहिल्या स्विचचे काँटॅक्ट जळून एकमेकांना चिकटले, तर दार उघडूनही वीज चालू राहील आणि लहरी बाहेर येतील. तसं होऊ नये म्हणून दार उघडताच मॉनिटर स्विच मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. असा उडालेला फ्यूज म्हणजे सुरक्षा चोख असल्याची खूण. त्याच्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेले ओव्हन माझ्याकडे येतात तेव्हा मला खरोखर संताप येतो. त्या स्वयंपाकघरात लहान मुलं असतात.

म्हणून फ्यूज उडाला असं ऐकलं की तो कधी उडाला ते मी खोदून विचारतो. दार उघडताना उडाला तर स्विच. मायक्रोचं बटण दाबताक्षणी उडाला तर शॉर्ट झालेला डायोड किंवा कपॅसिटर, नाहीतर जळालेला ट्रान्सफॉर्मर. नुसता प्लग लावताच उडाला तर वायर किंवा पीसीबी. या पीसीबीवर पावसाळ्यात झुरळं ऊब शोधत शिरतात. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये मेलेलं झुरळ मी अनेकदा ब्रशने काढलं आहे.

पावसाळ्याचा खास दोष मात्र वेगळाच. नेहरूनगरच्या एक काकू घरून केकच्या ऑर्डरी घेतात. ओव्हन मायक्रोवर ठणठणीत, पण कन्व्हेक्शन लावलं की काही क्षणांत घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज अर्थला गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा. कुणीतरी त्यांना पीसीबी बदलायला सांगितला होता. मी हीटरची दोन्ही टोकं सोडवून मीटर लावला. 35 ओहमच्या जवळपास, म्हणजे कॉइल तुटलेली नव्हती. मग मेगरचं, म्हणजे वीज कुठे गळते का ते तपासणाऱ्या मीटरचं, एक टोक कॉइलला, दुसरं हीटरच्या धातूच्या नळीला लावून हँडल फिरवलं. काटा शून्याजवळच पडून राहिला. हीटरच्या नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती वीज अडवते, पण टोकाचं सील जुनं झालं की हवेतली ओल पिते. मग थोडी वीज नळीतून अर्थला जाते. घरातला ईएलसीबी बहुधा 30 मिलीअँपिअरचा असतो, म्हणजे इतक्या गळतीच्या आतच तो पडतो. हीटर मंद तापवून ओल काढली तसा मेगरचा काटा वर चढला. तरी सील गेलेलं होतं, पुढच्या पावसात पुन्हा तेच झालं असतं. म्हणून हीटर बदलला. पीसीबीला हातही लावावा लागला नाही. अशा वेळी ईएलसीबीच काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका.

ओलीपेक्षा वाईट म्हणजे पुराचं पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात घराघरांत शिरलं. पाण्यात बुडालेला ओव्हन उन्हात वाळवून कधीही चालू करू नये. वाळलेल्या गाळाचा थर उच्च दाबाच्या भागावर राहतो आणि त्यावरून ठिणगी चालते.

हा उच्च दाब किती, तेही सांगतो. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे दोन हजाराच्या आसपास करतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून तो चार हजारांपर्यंत नेतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. आत तो रिकामा करणारा रेझिस्टर असतो, पण तो निकामी झाला तर बाहेरून कळत नाही. म्हणून कव्हर काढल्यावर मी आधी कपॅसिटर डिस्चार्ज करतो आणि मगच बाकीचं. तुम्ही व्हिडिओ पाहून कव्हर उघडू नका, ही माझी हात जोडून विनंती.

मेकॅनिकवरही नजर ठेवा. उच्च दाबाचा डायोड साध्या मीटरवर दोन्हीकडून बंद दिसतो, कारण मीटरचा दाब त्याला अपुरा पडतो. 9 व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये लावली की खरं काय ते कळतं. हे ठाऊक नसलेला माणूस चांगला डायोड फेकून देतो. आत ठिणग्या उडत असतील, तर आधी बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा पाहायला सांगा. त्यावर तेल-मसाला जळून काळा डाग पडला की स्पार्क होतो. लॅमिंग्टन रोडला हा पत्रा मापाने कापून मिळतो, आणि मॅग्नेट्रॉनच्या किमतीपुढे तो अगदीच स्वस्त.

कुणी मॅग्नेट्रॉन गेला म्हणालं, तर समोर मीटर लावायला सांगा. फिलामेंटच्या दोन पिनांमध्ये एक ओहमहून कमी यायला हवं, आणि कोणत्याही पिनेतून त्याच्या धातूच्या अंगाकडे काहीच जाता कामा नये. हे दोन्ही बरोबर आलं, तर आधी डायोड, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर तपासून घ्यायला लावा. तरीही मॅग्नेट्रॉन बदललाच, तर पैसे देण्याआधी जुना परत मागून घ्या.