चळवळ सांभाळताना आई-वडील सांभाळणे

गेल्या वर्षी आम्ही काही कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर घेतले. दिवसभर ज्येष्ठांचा रक्तदाब आणि शुगर तपासली. संध्याकाळी सतरंज्या गोळा करताना आमच्यातला एक जण म्हणाला, "माझ्या आईची शुगर शेवटची कधी तपासली, आठवत नाही." मग आम्ही एकमेकांना विचारत गेलो. बहुतेकांचे उत्तर तेच निघाले.

लाज वाटते, तरी हे सांगतो आहोत. आपल्यातल्या अनेकांचे आई-वडील शेतमजुरीत, बांधकामावर, सफाईकामात झिजले, म्हणून आपण शिकलो. आज ते थकले आहेत. ते आजारी पडले की घरातली बहीण, बायको किंवा वहिनी रजा टाकते आणि आपण बैठकीला जातो.

सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगालाला तथागत सांगतात की पूर्व दिशा म्हणजे माता-पिता. त्यांना नमस्कार करायचा म्हणजे त्यांचा सांभाळ करायचा, त्यांची कामे करायची. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुलांच्या कर्तव्यांना जागा दिली आहे. ही कामे नेमकी कोणती, ते पाहू.

आधी विचारा

आई-वडिलांना शहरात आणायचे, गावचे घर बंद करायचे, असे निर्णय आपण परस्पर घेतो. त्यांना कुठे राहायचे आहे, कशाची भीती वाटते, हे आधी विचारा. आईचे एटीएम कार्ड "सोयीसाठी" स्वतःच्या खिशात ठेवू नका. पैसा तिचा आहे, तो कसा खर्च करायचा हेही तिनेच ठरवावे.

कागदपत्रे एका पिशवीत ठेवा

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट एकत्र ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. तीन गोष्टी तपासा. आधारवरचे वय बरोबर आहे का? अनेक ज्येष्ठांची जन्मतारीख अंदाजे १ जानेवारी लिहिलेली असते आणि वय कमी दिसले की योजना हातून जाते. खाते आधारशी जोडले आहे का? खात्यावर वारसाचे नाव आहे का?

शिबिरातला आमचा तो सहकारी पुढच्या रविवारी गावी गेला. आईची शुगर तर वाढलेली होतीच, शिवाय तिचे श्रावणबाळचे पैसेही काही महिन्यांपासून बंद होते. खाते आधारशी जोडायचे राहिले होते. "तू कामात असतोस, म्हणून बोलले नाही," एवढेच ती म्हणाली.

हक्काच्या योजना

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. हे कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवा. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे तपासणीला जाताना भाड्याची अडचण नको.

औषधे आणि घर

रक्तदाब आणि शुगरच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद होतात, किंवा पैसे वाचवायला एक दिवसाआड घेतल्या जातात. दर महिन्याला डबी उघडून गोळ्या मोजा. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. न्हाणीघरात धरायला दांडी लावा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. म्हातारपणी एकदा मांडीचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो.

वाटणी कामाचीही करा

भावंडांनी एकत्र बसून लिहून काढावे: पैसे कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, रात्री जवळ कोण राहणार. पैसे पाठवणाऱ्याने आपली जबाबदारी संपली असे समजू नये. जी बहीण किंवा सून रोज हे करते, तिला महिन्यातून काही दिवस पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे आणि त्या दिवसांत पुरुषांनी डायपर बदलायलाही शिकले पाहिजे. समतेची भाषा घरात लागू होते ती इथे.

घर त्यांच्याच नावावर राहू द्या

आई-वडिलांनी हयातीत घर मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. ही अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ते रद्द करता येते. याच कायद्याखाली निर्वाहभत्त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे. वस्तीत एखाद्या वृद्धाचे हाल होताना दिसले तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आम्ही आता शिबिराचा एक नियम केला आहे. नाव नोंदवणाऱ्या कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या आई-वडिलांच्या तपासणीची तारीख वहीत लिहायची. पहिल्या वेळी निम्म्या रकाने रिकामे राहिले. आता ते भरत आले आहेत. तुमच्या विहारातही अशी एक वही ठेवा.

नमो बुद्धाय, जय भीम!