मोजका घास (भाग ७) : भाकरी तोंडी लावायला

भाजीला आपल्याकडे जरा कमीपणाचं नाव आहे: तोंडी लावणं. म्हणजे जेवण कोणतं, तर भाकरी. बाकीचं सगळं ती घशाखाली उतरावी म्हणून. दिवसभर मोट हाकणाऱ्या माणसाला ते शोभत होतं. आता पाणी मोटारीच्या बटणावर येतं, नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि ताटात भाकरी मात्र अजून तीनच.

गेल्या आठवड्यात पिठांचा हिशेब मांडला, त्यावर हमखास येणारा प्रश्न असा: गव्हाची पोळी सोडून ज्वारी धरली, आता झालं ना? नाही झालं. भाकरीत तंतू असतात, हे खरं. पण साठेक ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतातच. तीन भाकऱ्यांची झाली १२०. पीठ बदलून भागत नाही, माप बदलावं लागतं.

म्हणून आज वांग्याचं भरीत, पण वाटीभर नव्हे, ताटभर. माणशी पाव किलो वांगी, तेलाचं बोट लावून चुलीवर नाहीतर गॅसवर साल काळी पडेपर्यंत भाजायची. त्याच जाळावर दोन हिरव्या मिरच्या. लसूण, मीठ, मिरची खलबत्त्यात ठेचायची, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे भरड कुटायचे. वांगं हातानं कुस्करून त्यात हे सगळं, वर कोथिंबीर आणि कच्चं तेल. शेंगदाण्याचा हात आखडू नका. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पोट त्यानंच भरतं. सोबत दोन उकडलेली अंडी, अंडं चालत नसेल तर वाटीभर घट्ट दही. आणि अर्धी भाकरी, तोंडी लावायला. सगळं मिळून कर्बोदकं एका भाकरीच्या आतबाहेर राहतात.

यात नवं काही नाही. पौष पौर्णिमा शाकंभरीची. त्या दिवशी देवीला भाज्यांचा नैवेद्य दाखवायची रीत आहे. आमच्या भगवतीमातेच्या कोल्हार गावात हे वेगळं सांगायला नको. चाकवत, चुका, तांदुळजा, घोळ, शेपू, अंबाडी, वालाच्या शेंगा: देवीला पानभर, आपल्याला मात्र चमचाभर.

आता चहा. आपल्याकडचं खरं दुखणं ताटात कमी आणि कपातल्या साखरेत जास्त आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेजारच्या लोणीत सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली. त्या साखरेनं घरं उभी केली, पोरं शिकवली. तिला नावं ठेवायचं मला तरी जमणार नाही. पण सभासदाच्या घरात सवलतीची साखर पोत्यानं येते, तिथं पाहुण्याला कमी गोड चहा देणं म्हणजे त्याचा अपमानच. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर. महिन्याला किलोभर, तीही फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, तीत दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम मानलं आहे. गुळाचा चहा हा त्यावरचा उतारा नव्हे. रंग बदलतो, साखर बहुतेक तेवढीच राहते.

साखर एकदम तोडू नका, चहा ओकारीसारखा लागेल. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा आणि गवती चहा वाढवा. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून पाती उकळत ठेवणं म्हणजे वास स्वयंपाकघराला देऊन टाकणं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, दोन-तीन पाती गाठ मारून टाका, पाच मिनिटं झाकण. हवं तर चार तुळशीची पानं, आल्याचा तुकडा. दूध नको, मग साखरेची आठवणही कमी येते.

गवती चहा लावायचा तर बी शोधू नका, शेजाऱ्याच्या बेटातून मुळासकट ठोंब मागून आणा आणि जून-जुलैत लावा. आमचा पहिला ठोंब मी मोठ्या हुशारीनं मोरीच्या पाण्यावर लावला. तिथं अळू माजतं, गवती चहा कुजला. कालव्याच्या काळ्या रानात पाणी तुंबतं, तिथंही हेच होतं. बांधाचा उतार नाहीतर भोक पाडलेला डबा बरा. तीन-चार महिन्यांनी वीतभर बुडखा ठेवून कापा. पातीची धार बोट चिरते, लहान मुलांना कापायला लावू नका.

कडुलिंबावर चढलेली गुळवेल मात्र रोजच्या चहात नको. करोनाकाळात घरोघर तिचा काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. वाद मिटेपर्यंत वेल कडुलिंबावरच शोभते. अडुळसाही गरोदर बाईला देऊ नये.

आणि ज्यांना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी वरचं भरताचं ताट वाढून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. भाकरी घटली आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी.

पुढच्या आठवड्यात हुलग्याचे शेंगोळे. त्यांतलं पीठ कुठवर चालतं, ते वाटी घेऊन मोजू.