पगार कामाचा, की आयुष्याचा?

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय सांगताना संयोजकांनी मला विचारलं, "सर, हा कायद्याचा विषय की धर्माचा?" मी म्हटलं, दोन्हींचा आहे, पण त्याआधी तो पोटाचा आहे. एखादी धार्मिक संस्था, म्हणजे देवस्थान, मठ, मिशन किंवा धर्मादाय ट्रस्ट, शाळा चालवते, दवाखाना चालवते, भक्तनिवास चालवते. तिथे शिक्षक असतो, नर्स असते, कारकून असतो, ड्रायव्हर असतो. संस्था त्यांना म्हणते : आमच्याकडे नोकरी करायची तर घरीही आमच्या नियमानं वागा. अमुक खायचं नाही, तमुकाशी लग्न करायचं नाही, घटस्फोट घ्यायचा नाही, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला जायचं नाही. प्रश्न असा की हा अधिकार संस्थेला आहे का? आणि असला तर कुठपर्यंत?

आपण पेठेत बसलोय, तेव्हा तालमीपासूनच सुरू करू. तालमीत वस्ताद पैलवानाला सांगतो : पहाटे उठायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, व्यसन नाही, खुराक हा असा. हे पैलवानाच्या खासगी आयुष्यावरचंच बंधन आहे. पण कुणाला ते अन्याय वाटत नाही. का? कारण ते बंधन म्हणजेच त्याची साधना. ते काढलं तर पैलवानकीच उरत नाही. आता त्याच तालमीचा हिशेब लिहायला एक माणूस महिना पगारावर ठेवला. त्याला वस्ताद म्हणाला, "तूही ब्रह्मचर्य पाळ," तर तुम्ही हसाल. हसण्याचं कारण नीट समजून घ्या, कारण माझं अर्धं व्याख्यान त्यातच आहे. नियम चांगला की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. नियमाचा त्या कामाशी संबंध आहे का, एवढंच आपण पाहिलं.

इथून तीन प्रकारची नाती वेगळी करता येतात. पहिलं व्रताचं. माणूस स्वतः संस्थेचा होतो, आयुष्य देतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच्या सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, खासगी आयुष्य शुद्ध ठेवायचं, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही, अशा त्या होत्या. संस्था धार्मिक नव्हती, पण शपथ संन्याशाच्या तोडीची होती. त्यात गैर काही नाही, कारण शपथ घेणारा हा संस्थेचा सभासद होता, पगारी नोकर नव्हे.

दुसरं नातं पदाचं. पुजारी, धर्मोपदेशक, मौलवी, पाद्री. हा माणूस संस्थेच्या वतीनं बोलतो. त्याच्याकडून संस्थेनं त्या धर्माची निष्ठा मागणं समजण्यासारखं आहे. तिसरं नातं निव्वळ नोकरीचं : काम करायचं, वेतन घ्यायचं. गोंधळ कुठे होतो? तिसऱ्या नात्यातल्या माणसाकडून पहिल्या नात्याचं व्रत मागितलं जातं, आणि पगार मात्र तिसऱ्याचाच दिला जातो.

आपल्याकडचं याचं उदाहरण एकाच घरात सापडतं. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण कॉलेजातली नोकरी टिकली. त्या वेळी आगरकर प्राचार्य होते. पुढे १९१४ पर्यंत कर्वे तिथे शिकवत राहिले. गावानं वाळीत टाकलं तरी महिन्याचा पगार चालू होता. तो नसता तर हिंगण्याचं काम उभं राहिलं असतं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता त्यांचाच मुलगा रघुनाथ. तोही गणिताचाच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. हे कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२३ मध्ये त्याच विषयावर पुस्तक लिहिलं, जाहीरपणे मतं मांडली. मिशनच्या चालकांना हे मानवलं नाही आणि कर्व्यांना राजीनामा द्यावा लागला. वाद त्यांच्या गणिताबद्दल नव्हताच. वर्गाबाहेर ते काय बोलतात, काय लिहितात, हा वाद होता. पुढे जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत. सगळा काळ पैशाची ओढाताण.

बाप सनातन्यांशी लढला तेव्हा नोकरीनं त्याला तारलं. मुलगा लढला तेव्हा आधी नोकरीच गेली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९३० साली इंग्लंडमध्ये लॅम्बेथ इथे अँग्लिकन बिशपांची परिषद भरली. काही मर्यादांमध्ये संततिनियमनाला तिनं मान्यता दिली. हा पंथ वेगळा, मिशनचा वेगळा, हे मी विसरत नाही. पण ख्रिस्ती जगातला एक मोठा पंथ काही वर्षांतच बदलला. धर्माची भूमिका बदलते, आणि बदलावीच. मात्र आधीच्या भूमिकेपायी ज्याची नोकरी गेली, त्याला ती परत मिळत नाही.

आता दुसरी बाजूही मांडू, नाहीतर मी वकिली केली असं होईल. संस्था म्हणते, "आम्ही एका श्रद्धेवर उभे आहोत. आमची माणसंच उलट वागली तर लोक आम्हाला ढोंगी म्हणतील. देणगीदार श्रद्धेपोटी पैसा देतो." हे म्हणणं पोकळ नाही. संस्थेलाही स्वतःचं शील असतं.

इथे कोल्हापूरकरांनी वेदोक्त आठवावं. १८९९ मध्ये पंचगंगेवर छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत होता, हे लक्षात आलं आणि वाद पेटला. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी त्यांची इनामं जप्त केली. आता कुणी म्हणेल, हीसुद्धा मालकाची सक्तीच झाली की! तर नीट पाहा. महाराजांनी राजोपाध्यांना घरी काय खा, कुणाच्या पंगतीला बसा, मनात काय माना, असं काही सांगितलं नव्हतं. ज्या कामासाठी इनाम होतं, ते काम त्यांनी मागितलं. राजोपाध्यांना स्वतःचं मत ठेवायला मोकळीक होती. काम नाकारून इनामही ठेवायला नव्हती. म्हणजे तराजू तोच, मालक असो वा चाकर : मागणी कामाविषयी आहे की आयुष्याविषयी?

हा तराजू आपल्याला काटेकोरपणे वापरलेला दिसतो तो जर्मनीत. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सेवासंस्थांत दहा लाखांहून अधिक माणसं नोकरी करतात. त्यामुळे तिथे हा प्रश्न घरोघरचा. २३ सप्टेंबर २०१० रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक ओब्स्ट यांचा. ते मॉर्मन पंथाचे युरोपातले जनसंपर्क प्रमुख. विवाहबाह्य संबंधामुळे त्यांना काढलं. न्यायालय म्हणालं, हे चालेल, कारण हा माणूस पंथाचा चेहरा होता. दुसरे श्यूथ, एसेन शहरातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. ते बायकोपासून वेगळे होऊन दुसऱ्या स्त्रीसोबत राहू लागले. बाबा पुन्हा बाबा होणार आहेत, असं त्यांच्या मुलांनी बालवाडीत सांगितलं, ते चर्चपर्यंत पोहोचलं आणि नोकरी गेली. इथे न्यायालयानं जर्मनीला दोष दिला. वादकाच्या घरगुती आयुष्याचा विचारच तिथल्या न्यायालयांनी पुरेसा केला नव्हता. लहान मुलाच्या तोंडून निघालेलं वाक्य बापाच्या नोकरीवर येतं, यावरून अशा नियमाचा हात किती लांब पोहोचतो ते कळतं.

पुढे ड्युसेलडॉर्फच्या एका कॅथलिक रुग्णालयातल्या विभागप्रमुख डॉक्टरांचं प्रकरण. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून त्यांना काढलं. पण त्याच दर्जाच्या पदावरच्या, कॅथलिक नसलेल्या डॉक्टरांना मात्र हा नियम नव्हता. युरोपीय न्यायालयानं ११ सप्टेंबर २०१८ रोजी जे म्हटलं त्याचा आशय असा : कॅथलिक नसलेला डॉक्टर दुसरं लग्न करूनही तेच काम करू शकत असेल, तर त्या कामासाठी हा नियम आवश्यक आहे असं दिसत नाही. किती साधा तर्क! आणि २०२२ मध्ये जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच सेवानियम बदलले. कर्मचाऱ्याच्या खासगी जीवनाचा गाभा नोकरीच्या नियमाबाहेर ठेवला. त्यामुळे तिथला धर्म बुडाल्याचं दिसत नाही.

आता आपल्याकडे. दर नवरात्रात अंबाबाईला शालू पाठवणारं तिरुपती देवस्थान आपल्याला परकं नाही. तिथे कर्मचारी हिंदू असावेत असा नियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये, हिंदूंखेरीज अन्य धर्माच्या कार्यक्रमांत भाग घेतला म्हणून देवस्थानानं १८ कर्मचाऱ्यांवर कारवाई केली. आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद १६ चं ५वं कलम आहे. धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावरची व्यक्ती विशिष्ट धर्माची असावी, असा कायदा करायला ते मुभा देतं. पण त्यातले शब्द नेमके आहेत : धार्मिक संस्थेच्या "कारभाराशी संबंधित पद". देवाच्या गाभाऱ्यातलं काम आणि देवस्थानाच्या कॉलेजातलं रसायनशास्त्र, ही दोन्ही त्यात सारखीच बसतात का? माझं उत्तर, नाही. पुजाऱ्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं १९७२ च्या शेषम्माळ खटल्यात म्हटलं की पूजा धार्मिक आहे, पण पुजाऱ्याची नेमणूक करणं ही ऐहिक कृती आहे.

लग्नाविषयी तर मुंबईचाच खटला आहे. एका औषध कंपनीत नियम होता : मुलीनं लग्न केलं की नोकरी संपली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. कंपनी धार्मिक नव्हती, पण तत्त्व तेच : लग्न झालेली बाई काम करू शकत नाही, हे आधी दाखवा.

एक सावधगिरी सांगतो. मूलभूत हक्क बहुतेक करून सरकारविरुद्ध मागता येतात, खासगी ट्रस्टविरुद्ध सहज नाही. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालानं पगारी माणसं ठेवणाऱ्या अनेक धर्मादाय संस्था "उद्योग" या व्याख्येत आणल्या होत्या, म्हणून कामगार कायद्याचा आधार मिळे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना त्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. म्हणजे तो आधार आता गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे, बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. शिक्षकाला निदान दार आहे. ट्रस्टच्या दवाखान्यातल्या आयाला असं दार शोधावं लागतं.

लोक एक आक्षेप हमखास घेतात : "नोकरी धरतानाच नियम माहीत होता ना? मग तक्रार कशाला?" तत्त्वज्ञानाचा जुना मास्तर म्हणून सांगतो, संमती या शब्दात दोन गोष्टी असतात : कळणं आणि नाही म्हणता येणं. तालुक्यात एकच मोठं रुग्णालय असेल आणि ते ट्रस्टचं असेल, तर नर्सला नियम कळतो, पण नाही म्हणता येत नाही. शिवाय नोकरी पंचवीस वर्षांची असते. बावीसाव्या वर्षी सही करणाऱ्या मुलीला आपलं लग्न मोडेल हे कसं ठाऊक असणार?

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो धर्माच्याच बाजूचा आहे. जॉन लॉकनं १६८९ साली सहिष्णुतेवरच्या पत्रात मांडलं की बळजबरीनं श्रद्धा निर्माण होत नाही. दंडानं माणूस फार तर तसं वागून दाखवतो. पगार कापला जाईल म्हणून केलेला उपवास हा उपवास नव्हे, ती हजेरी झाली. अशा संस्थेत भक्त वाढत नाहीत, लपवणारे वाढतात. आणि लपवणाऱ्यांच्या मागोमाग चुगलखोर येतात.

मग विश्वस्तांनी करायचं काय? कोणताही नियम लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. हा नियम नसेल तर हे नेमकं काम बिघडतं का? हाच नियम या पदावरच्या सर्वांना, विश्वस्तांसकट, लागू आहे का? तो कामाच्या वेळेपुरता आणि आवारापुरता ठेवता येतो का? आणि मोडला तर चौकशी, म्हणणं मांडायची संधी आणि दुसरी जागा देण्याची सोय आहे का? आवारात मांसाहार नको, हा नियम यातून पार पडेल. डब्याबाहेर, घरातल्या ताटात डोकावणारा पडणार नाही.

(प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं : "सर, माझ्या नेमणूकपत्रात 'संस्थेच्या आदर्शांना साजेसं वर्तन' एवढंच लिहिलंय. त्याचा अर्थ काय धरायचा?")

ताई, मोघम शब्दाचा अर्थ ज्याच्या हातात सत्ता तो लावतो. म्हणून आजच, भांडण नसताना, संस्थेकडे लेखी विचारा : साजेसं म्हणजे नेमकं काय? एकट्यानं विचारू नका, चौघीजणी सह्या करून विचारा. आणि उत्तर आलं, न आलं, तरी अर्जाची पोच जपून ठेवा.