चिखल-पाण्यातली गाडी : जोराचे काम कमी, श्वासाचे जास्त



पाऊस सुरू झाला की शिवारात दोन गोष्टी ठरलेल्या. पाणंदीत चाक रुतते आणि ओढ्याला पाणी आले की पलीकडचा ट्रॅक्टर पलीकडेच राहतो. अशा वेळी बांधावर जमलेली मंडळी एकच सल्ला देतात, "घाल अजून रेस!" रेस घातली की चाक आणखी खाली जाते, हे सर्वांना ठाऊक असते. तरी सल्ला काही बदलत नाही.

या लेखात अशा एका गाडीची माहिती देत आहोत, जी मुद्दाम चिखलात आणि खोल पाण्यात घालण्यासाठी तयार करून घेतात. तिला 'ऑल टेरेन व्हेइकल', थोडक्यात एटीव्ही म्हणतात. मोटारसायकलसारखे हॅण्डल, घोड्यासारखी बैठक आणि चार फुगीर चाके, असे तिचे रूप. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर आणि लोणावळ्याच्या बाजूला भाड्याने फिरवतात ती हीच. ती आपण विकत घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिला पाण्यात घालण्यासाठी तिकडचे लोक जे फेरफार करतात, त्यामागचा विचार आपल्या ट्रॅक्टरला फार उपयोगी आहे.

गाडी आली कोठून?

हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा त्या दिवसांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी जपानच्या होंडा कंपनीकडे केली. त्यातून १९७० साली तीन फुगीर चाकांची, ९० सीसी इंजिनाची गाडी बाजारात आली. तिला स्प्रिंगा नव्हत्या, सगळे धक्के टायरनेच सोसायचे. १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी गाडी आणली. तीनचाकी गाडी वळणावर उलटून बरीच माणसे जायबंदी झाली, काही दगावली. अखेर १९८८ मध्ये अमेरिकन सरकार आणि कंपन्या यांच्यात करार होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री तेथे बंद झाली.

चिखलात गाडी घालण्याची हौस मोठी ती अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, फ्लोरिडा या राज्यांत. यांतले लुइझियाना तर आपल्यासारखेच उसाचे. तेथे १७९५ साली एत्येन द बोरे या मळेवाल्याने उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढून दाखवली आणि धंदा उभा राहिला. जमीन सखल, नदीच्या गाळाची, पाऊस वर्षाला १५०० मिलिमीटरच्या आसपास. तोडणी बहुधा सप्टेंबरअखेर सुरू होऊन वर्षअखेरीच्या सुमारास संपते. काही कारखाने सभासदांच्या मालकीचे, सहकारी आहेत. तेव्हा ही मंडळी चिखलाला आपल्याइतकीच ओळखून आहेत.

टायरची करामत

एटीव्हीच्या टायरात हवा असते साधारण पाच पौंड. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेइतका असतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३५० ग्रॅम. आता सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या तळव्याचा टेकलेला भाग दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तरी हिशेब तोच येतो. थोडक्यात, तीनशे किलोची ही गाडी जमिनीवर माणसाच्या पावलाएवढेच वजन टाकते. म्हणून ती रुतत नाही.

आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतकामाला बारा ते पंधरा पौंड हवा असते. ट्रॉलीच्या टायरात त्याहून कितीतरी जास्त. भरलेली ट्रॉली ओल्या फडातून ओढली की जमीन दडपते, सरी-वरंबा मोडतो, उसाचा बुडखा चेंगरतो आणि खोडवा मार खातो, त्याचे कारण हेच. अवकाळी झाल्यावर दोन दिवस वाफसा येऊ दिला तर तोड थोडी लांबते खरी, पण पुढल्या वर्षीचा खोडवा वाचतो.

फुगीर टायरचा एक तोटाही आहे. पासष्ट सेंटिमीटर उंच, पंचवीस सेंटिमीटर रुंद टायर पाण्यात बुडाला की साधारण साठ-सत्तर लिटर पाणी बाजूला सारतो. चार टायर मिळून अडीचशे लिटर धरा. म्हणजे तीनशे किलोच्या गाडीला अडीचशे किलोची उचल मिळाली! चाके तळाला नीट टेकतच नाहीत, पकड सुटते आणि गाडी कलंडते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत पाय ठेवायच्या पट्टीच्या वर पाणी असेल तर गाडी घालू नका, असे बजावलेले असते.

गाडी कोठून श्वास घेते?

पाण्यात गाडी बंद पडते ती जोर कमी पडला म्हणून नव्हे, तर श्वास कोंडला म्हणून. तिकडचे जाणते मिस्त्री आधी गाडीला भोके किती आणि कोठे, ते मोजतात. मग प्रत्येक भोकाला नळी लावून ती हॅण्डलपर्यंत वर नेतात.

पहिला श्वास इंजिनाचा. एअर क्लीनरच्या डब्याला पीव्हीसी पाइप जोडून तो हॅण्डलजवळ वर काढतात. या पाइपला स्नॉर्केल म्हणतात. पाइप अरुंद झाला तर इंजिनाची घुसमट होऊन ताकद कमी पडते. आणि जोडात केसाएवढी फट राहिली तर वर पाइप असून उपयोग नाही, पाणी खालूनच शिरते. फट आहे का हे पाहण्याची त्यांची रीत साधी आहे. इंजिन मंद चालू ठेवून पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवायचा. इंजिन बंद पडले तर सगळे जोड पक्के. चालूच राहिले तर कोठून तरी चोरवाट आहे.

दुसरा श्वास पट्ट्याचा. पुष्कळशा एटीव्हींत आपल्याकडच्या स्कूटरसारखा रबरी पट्टा चाकांपर्यंत ताकद नेतो. तो गार राहावा म्हणून त्याच्या डब्यात हवा खेळती ठेवलेली असते. त्यात पाणी गेले की पट्टा घसरतो. इंजिन ओरडते, गाडी जागची हलत नाही. म्हणून हवा आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन्ही पाइप वर काढतात.

तिसरा श्वास बहुतेकांना माहीतच नसतो. गिअर बॉक्सला आणि डिफरन्शियलला एक बारीक भोक असते, त्याला ब्रीदर म्हणतात. चालून चालून आतले तेल आणि हवा तापते. तापलेली गाडी एकदम गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि भोकातून, ऑइल सीलमधून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मग तेलाचे ताक होते. गाडी त्या दिवशी चालते, पुढे महिन्याभरात बेअरिंग ओरडू लागते. दोष मात्र बेअरिंगला दिला जातो.

याशिवाय प्लगची टोपी आणि वायरींचे जोड विशिष्ट ग्रीस भरून बंद करतात. चिखलाने जाळी बुजते म्हणून रेडिएटर पुढच्या उंच रॅकवर बसवतात.

एक बदल दुसऱ्याला बोलावतो

हौशी माणूस खोल नक्षीचे मोठे टायर घालतो. टायर मोठा झाला की चाक फिरवायला जोर जास्त लागतो आणि पट्टा घसरतो. म्हणून गिअर बदलावे लागतात. गाडी उंच केली की एक्सलचा कोन वाढतो आणि त्याचे रबर फाटते. उंची वाढली की उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय कंपनीची हमी जाते ती वेगळीच. लग्नाच्या खर्चासारखे आहे हे, एक वाढले की दुसरे मागोमाग येते.

आपल्याकडे तर कायदाही आड येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या वेळी असलेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मालकाला मनाजोगा बदल करता येत नाही. तेव्हा तिकडचे फेरफार ट्रॅक्टरवर जसेच्या तसे उतरवू नयेत. श्वासाचा विचार मात्र जरूर घ्यावा.

आपल्या ट्रॅक्टरला काय घेण्यासारखे?

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या काठाने महापूर पाहिला. माणसे बाहेर काढायला ट्रॅक्टर-ट्रॉलीच पुढे झाल्या, आणि कितीतरी ट्रॅक्टर गोठ्यात, अंगणात पाण्याखाली गेले. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक ट्रॅक्टरवाल्या सभासदाने ध्यानात ठेवाव्यात.

एक : ट्रॅक्टरची हवा घेण्याची जागा बॉनेटजवळ उंच असते, पण एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज खाली असतो. पावसाळ्यापूर्वी वरची तपासणी करा. तळहाताऐवजी सपाट फळी धरा आणि इंजिन मंदच ठेवा. होज चिरला असेल तर पावसाळ्यात पाणी जाते आणि उन्हाळ्यात धूळ जाऊन लायनर खाते.

दोन : बऱ्याच ट्रॅक्टरना क्लचच्या हाउसिंगखाली भोक असते. चिखलणीच्या वेळी ते बुचाने बंद करायचे आणि काम झाल्यावर उघडायचे असते. आपल्या ट्रॅक्टरला ते कोठे आहे, फिटरकडून दाखवून घ्या.

तीन : पाण्यात शिरण्यापूर्वी इंजिन तापलेले असेल तर थोडे थांबा. आधी खालचा गिअर टाका आणि एका चालीने बाहेर पडा. मध्येच क्लच दाबू नका. वेगाने गेल्यास पाण्याची लाट फॅनपर्यंत येते. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे : बुडालेल्या ट्रॅक्टरला सेल्फ मारू नका.

हे शेवटचे का, ते हिशेबाने बघा. तीन सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन धरले तर एका सिलिंडरला सुमारे ८३० सीसी जागा आली. डिझेल इंजिनात ती हवा सतरापट दाबली जाते. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की राहते फक्त पन्नास सीसी, अर्धा कप चहाएवढी जागा. हवा दबते, पाणी दबत नाही. त्या जागेत मावणार नाही इतके पाणी आत असले आणि सेल्फ मारला, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्याने वाचवलेले इंजिन मग आपल्याच बोटाने जाते.

त्याऐवजी असे करा. प्रथम बॅटरीची वायर काढा. एअर क्लीनर खोलून बघा. तो आतून ओला असेल तर पाणी पुढे गेले असे समजा. फिटर बोलावून नोझल काढा आणि इंजिन हाताने फिरवून सिलिंडरातले पाणी बाहेर टाका. चेंबरचा नट सैल केला की आधी पाणी येईल, कारण तेलापेक्षा ते जड, तळाला बसलेले असते. ऑइल आणि फिल्टर बदला. गिअर बॉक्स, हायड्रॉलिक आणि डिझेल टाकी यांतलेही पाणी काढा. एवढे झाल्यावरच इंजिन चालू करा आणि काही तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला. तेल वाया जाते असे वाटेल, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. मात्र पाणी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवस नुसते बघत बसू नका, लायनरला गंज लवकर धरतो. विमा असेल तर हात लावण्यापूर्वी फोटो काढून कंपनीला कळवा.

वाहत्या पाण्याशी खेळ नको

एटीव्हीवाले हौसेने जातात ते साचलेल्या पाण्यात आणि चिखलात. वाहते पाणी निराळे. अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा असा, की फूटभर वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाणी मोठ्या गाड्याही. ट्रॅक्टर जड असला तरी त्याच्या टायरांनाही पाण्याची उचल मिळते, आणि मागची रिकामी ट्रॉली तर होडीसारखी आडवी फिरते व ट्रॅक्टरला सोबत ओढते. फरशीवरून गढूळ पाणी जात असताना खाली फरशी शिल्लक आहे की खचली, हे वरून कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून ओढ्याकाठी कोणी "काही होत नाही, घाल!" म्हणाला, तर त्याला पाण्यात काठी घालून स्वतः पलीकडे जाऊन दाखवायला सांगावे. तो जात नसेल, तर ट्रॅक्टरही जाऊ नये. फडातला ऊस चार दिवस थांबेल, कारखान्याचा गव्हाणही थांबेल. घरची माणसे वाट बघत असतात, ती ट्रॅक्टर चालवणाऱ्याची.