कोट-टायचा गारठा

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणतंय आणि ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर स्वेटर लटकतोय. मुंबई-पुण्याच्या एसी ऑफिसांत हे दृश्य इतकं सरावाचं झालंय की त्यातली गंमत कुणाला जाणवतच नाही. आधी वीज जाळून हवा गार करायची आणि मग त्याच हवेपासून बचाव म्हणून लोकर अंगावर चढवायची! हा गारठा नेमका कोणाच्या सोयीसाठी ठरला, याचा माग काढत गेलं की एक कोट घातलेला माणूस भेटतो.

कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. शास्त्रज्ञांनी ते १९४१ मध्ये मांडलं. एक क्लो म्हणजे साधारण पुरुषी सुटाची ऊब : २१ अंशांच्या खोलीत, वारा जवळजवळ नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला थंडीही वाजू नये आणि उकडूही नये, इतकी. उघडं अंग म्हणजे शून्य क्लो. हाफ शर्ट आणि पँट ०.६ च्या आसपास. साडीची तर वेगळीच मजा. संशोधक माधवी इंद्रगांटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुतळ्याला साड्या नेसवून त्यांची ऊब मोजली. साडी तीच, पण पदर मोकळा सोडला की क्लो कमी आणि खांद्यांभोवती लपेटून घेतला की जास्त. आपल्या आज्या-पणज्या दिवसभर पदर सारखा करायच्या तेव्हा थर्मोस्टॅटच फिरवत होत्या म्हणायच्या!

डॅनिश शास्त्रज्ञ ओले फँगर यांनी १९७० मध्ये ‘बरं वाटण्या’चं अख्खं गणित मांडलं. त्यात सहा गोष्टी येतात : हवेचं तापमान, भिंती-छतातून येणारी धग, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर किती काम करतंय ते. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातूनही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. पन्नास जणांचं ऑफिस म्हणजे कुणीही न लावलेला पाच किलोवॅटचा हीटर! बहुतेक ऑफिसांत मात्र रिमोट हातात घेऊन सहांतल्या पहिल्या गोष्टीशीच झुंज चालते.

या गणितातही एक मेख होती. शरीराच्या कामाचा जो आकडा रूढ झाला, तो सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाचा. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की या आकड्याने स्त्रियांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. अभ्यास छोटा होता, सोळा तरुणींचा; पण दुपारी शाल घेऊन बसणाऱ्या कित्येकींना त्यातलं तथ्य आधीच ठाऊक असणार.

मग कोटच काढला तर? जपानने हे करून पाहिलं. २००५ च्या उन्हाळ्यात पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांच्या खात्याने ‘कूल बिझ’ मोहीम काढली : ऑफिसातला एसी २८ अंशांवर, आणि कोट-टायला सुट्टी. अडचण तंत्राची नव्हती, संकोचाची होती. साहेबासमोर, गिऱ्हाइकासमोर बिनटायचं बसायचं कसं? म्हणून खुद्द पंतप्रधान कोइझुमी आणि त्यांचे मंत्री टाय न लावता वावरू लागले. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख फॅशन शोमध्ये रॅम्पवर चालले. टाय बनवणारे अर्थातच चिडले. पण पर्यावरण खात्याच्या अंदाजाने त्या पहिल्याच उन्हाळ्यात ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचला. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, २०११ मध्ये विजेचा तुटवडा पडला, तेव्हा तर पोलो शर्ट आणि सँडलही चालू लागले. २८ चा आकडा फारसा शास्त्र बघून ठरवला नव्हता, असं पुढे तिथल्याच एका उपमंत्र्याने बोलून दाखवलं. माझ्या मते खरी कमाई त्या आकड्याची नाहीच, कोट उतरवायला मिळालेल्या परवानगीची आहे.

एका अंशाने असा काय फरक पडतो? बाहेर ३४ आणि आत २० असेल तर फरक १४ अंशांचा; आत २६ ठेवलं की तो आठवर येतो. फरक जितका कमी, तितकी भिंती-काचांतून आत झिरपणारी उष्णता कमी. शिवाय उरलेली उष्णता बाहेर फेकायला कॉम्प्रेसरला जोरही कमी लावावा लागतो. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी २४ अंशांवर सेट होऊनच बाजारात येतात.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या ऑफिसांत पाहणी केली. परदेशी मानकं सांगतात त्याहून अधिक तापमानात भारतीय माणूस मजेत काम करतो, असं त्यातून दिसलं. बाहेरचा ऋतू बदलतो तशी आपली अपेक्षाही बदलते. या अभ्यासाला २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत जागा मिळाली.

उरला वारा. अंगावर झुळूक आली की घाम झटकन उडतो आणि दोन-तीन अंशांचा गारवा वाटतो, खोलीचं तापमान तसूभरही न बदलता. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा दीड हजार वॅटच्या घरात वीज ओढतो. नव्या बीएलडीसी पंख्याचं भागतं तीसेक वॅटवर. असं असूनही नव्या चकचकीत ऑफिसांत छताला पंखा औषधालाही सापडत नाही, ही इंटिरियरवाल्यांची कृपा.

मुंबईच्या दमट हवेत जपानी २८ चा हट्ट धरू नका, माणसं वैतागतील. २६ वर एसी आणि सोबत पंखा, एवढं आठवडाभर करून पाहा. आणि तुमच्याकडे एप्रिल-मेमध्येही टायची सक्ती असेल, तर ती उठवा म्हणून एचआरला आजच एक मेल टाका.