गिरकी गोल नसते

डिसेंबर २०२५मध्ये चेन्नईजवळ वंडरलाचं नवं थीम पार्क उघडलं. तिथल्या ‘तंजोरा’ या रोलर कोस्टरचे रूळ डोक्यावर असतात आणि प्रवाशांचे पाय अधांतरी लोंबकळतात. ती बनवली आहे स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीने. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३पासून धावणारी ‘नायट्रो’ही त्यांचीच. बातम्या आल्या, जाहिराती आल्या आणि दोन्हींत नेहमीचेच आकडे होते: इतके मीटर उंच, ताशी इतके किलोमीटर. बंगळुरूतल्या मराठी घरांमधून मग आपलं बिडदीचं वंडरला सरस की चेन्नईचं, यावर वाद रंगले. २००५मध्ये सुरू झालेलं बिडदीचं पार्क आमच्या इथल्या मुलांना अंगणासारखं वाटतं.

याच सुमारास अकरावीतल्या एका वाचक विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. बिडदीला ‘रिकॉइल’ या रोलर कोस्टरच्या रांगेत उभी असताना तिने गाडीची उभी गिरकी बाजूने नीट पाहिली. पुस्तकात उभ्या वर्तुळाची गणितं असतात, कंपासने काढलेल्या वर्तुळाच्या आकृत्या असतात. समोरची गिरकी मात्र उभट होती, माथ्याशी आवळलेली, खाली पसरत गेलेली, उलट्या धरलेल्या थेंबासारखी. “वर्तुळ का नाही केलं?” एवढाच तिचा प्रश्न. जे बघायला हवं होतं, नेमकं तेच या मुलीने बघितलं.

उत्तराकडे जाण्याआधी वेगाच्या त्या आकड्याचा हिशेब करू. बिडदीचं पार्क बंगळुरू-म्हैसूर महामार्गाच्या कडेला आहे. त्या रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीत मागच्या सीटवरची मुलं चक्क झोपलेली असतात. एवढंच काय, पृथ्वीच्या परिवलनामुळे बंगळुरूचा प्रत्येक माणूस ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे निघालेला आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. वेग मोजणारं इंद्रिय आपल्याला नाही. आपल्या अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि कॅल्शियमच्या बारीक कणांचं ओझं वाहणारे मऊ पडदे टिपतात ते डोक्याचं वळणं आणि त्वरण, म्हणजे वेगातला बदल. पोटात गोळा येतो तो त्वरणाने. तेव्हा ‘ताशी ८०’ किंवा ‘ताशी १००’ ही पाटी वाचून राईडबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. कळायला हवं असेल तर विचारावं: किती जी? म्हणजे स्वतःच्या वजनाच्या कितीपट भार, कोणत्या दिशेने आणि किती सेकंद?

आता गिरकी. घर्षण सोडून देऊ आणि पूर्ण वर्तुळाचीच गिरकी आहे असं धरू. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहायची तर तिथे वेगाचा वर्ग किमान गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या एवढा हवा. तिथून तळाला येईपर्यंत गाडी दोन त्रिज्यांएवढी उतरते, आणि ऊर्जेचा हिशेब मांडला की तळाशी वेगाचा वर्ग त्याच्या पाचपट निघतो. वर्तुळाकार गतीचे ५ जी आणि त्यात मुळातलं वजन १ जी, असे एकूण ६ जी. साठ किलोचा माणूस तिथे तीनशे साठ किलोचा. यात एक गोष्ट मला फार आवडते: उत्तरात त्रिज्या उरतच नाही. वर्तुळ दुप्पट करा, दहापट करा, तळाशी सहाच जी. वर्तुळ मोठं केलं की सौम्य होईल, हा सरळसाधा वाटणारा उपाय गणिताच्या तीन ओळींत बाद होतो. सुरक्षिततेसाठी गाडी थोडी जास्त वेगाने सोडली तर भार सहाच्याही वर जातो.

दुसरं दुखणं याहून वाईट. सरळ रुळावरून वर्तुळात शिरताना वक्रता शून्यावरून एकदम पूर्ण होते. भार हळूहळू चढत नाही, आदळतो, आणि तो सोसायचा असतो मानेने.

हे लोकांनी मानेवर शिकून घेतलं. १८४०च्या दशकात इंग्लंड-फ्रान्समध्ये एका माणसाला घेऊन गिरकी मारणाऱ्या गाड्यांचे खेळ होत. १८९५मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची राईड उभी राहिली. गिरकी जवळपास गोल, जेमतेम पंचवीस फूट व्यासाची. नंतरच्या अंदाजांनुसार तिच्यात १२ जीपर्यंत भार पडत असे. लोक मान धरून उतरत. १९०१मध्ये तिथेच एडविन प्रेस्कॉटने ‘लूप द लूप’ ही लंबगोल गिरकीची राईड काढली. दिशा अगदी बरोबर होती. पण एका वेळी चारच माणसं बसायची, धंदा जमेना, आणि काही वर्षांत तीही बंद पडली. त्यानंतर उभी गिरकी रोलर कोस्टरमधून कित्येक दशकं हद्दपार झाली.

ती परत आणणाऱ्या माणसाचं नाव वेर्नर श्टेंगल. जन्म १९३६, जर्मनीतलं बोखुम. राईड बनवणारे आंटोन श्वार्त्सकोफ हे या धंद्यातलं गाजलेलं नाव. त्यांच्या गाड्यांची गणितं मात्र श्टेंगल करत. १९७६मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात ‘रेव्होल्यूशन’ सुरू झाली. आधुनिक काळात उभी गिरकी घेणारी ही पहिली यशस्वी रोलर कोस्टर. तिच्या गिरकीसाठी श्टेंगल यांनी वर्तुळ सोडलं आणि क्लोथॉइड निवडला.

हा क्लोथॉइड फार मोठ्या घराण्यातला आहे. अठराव्या शतकात ऑयलरने त्याचा अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ कोर्नू याने प्रकाशाच्या विवर्तनाचं गणित सोडवायला तोच वापरला. आणि रेल्वेचे अभियंते सरळ रूळ वळणाला जोडताना त्याच्याशी मिळतीजुळती वक्ररेषा टाकू लागले, कारण सरळ मार्गाला गोल वळण थेट जोडलं की डबे हिसका खातात. मोटार एकाच वेगाने चालवताना स्टिअरिंग एकाच गतीने फिरवत राहिलात, तर चाकं रस्त्यावर जी रेषा काढतील ती क्लोथॉइड. जितकं अंतर पुढे जाल, त्या प्रमाणात वक्रता वाढते. गिरकीत याचा उपयोग काय? तळाशी गाडी सुसाट असते, तिथे वळण प्रशस्त. चढताना वेग कमी होत जातो, तसं वळण आवळत जातं. भार ठरतो वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या यावर. वरची आणि खालची संख्या एकत्रच लहान होत गेल्या की भागाकार फारसा हलत नाही. तळाचे सहा जी चारच्या आसपास येतात, माथ्यावरही गाडी रुळाला धरून राहते, आणि आत शिरताना मानेला हिसका बसत नाही. बिडदीला जो उलटा थेंब दिसतो, तो हा.

पुढे श्टेंगल यांनी शेकडो कोस्टरांची गणितं केली. गाडी कलंडताना ती रुळाभोवती न फिरता प्रवाशाच्या छातीच्या रेषेभोवती फिरावी, म्हणजे डोकं उगाच भिरकावलं जात नाही, ही रचनाही त्यांनीच रुळवली. २००५मध्ये स्वीडनच्या योटेबोरी विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. कोट्यवधी माणसं त्यांच्या वक्ररेषांवरून सुखरूप जाऊन आली. पार्कांच्या पाट्यांवर राईडचं नाव असतं, प्रायोजकाचं असतं, क्वचित कंपनीचं असतं. या गणितज्ञ अभियंत्याचं नसतं, आणि मला ते खटकतं.

चार जी चालतात आणि सहा का नाहीत, याचं उत्तर शरीरात आहे, आणि त्यासाठी बंगळुरूबाहेर जावं लागत नाही. जुन्या विमानतळाच्या बाजूला विमानपुरात हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे. १९५७ची स्थापना. तिथे माणसाला लांब बाहूच्या टोकाला बसवून गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज आहे. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना जास्त जी सोसायला तिथे शिकवतात. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांच्या अंतराळ मोहिमेसाठीच्या तपासण्या इथेच झाल्या आणि गगनयानाच्या उमेदवारांची वैद्यकीय निवडही इथेच.

तिथलं शरीरशास्त्र शाळेच्या गणितात बसतं. हृदयापासून डोळ्यांपर्यंतची उंची साधारण तीस सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाला १ जी असताना पाऱ्याचा सुमारे २२ मिलिमीटर दाब लागतो. हृदय देतं १२०. भार चौपट-पाचपट झाला की तेवढ्या उंचीवर रक्त पोचवण्यातच तो सगळा दाब संपतो. डोळ्याच्या आत स्वतःचाही थोडा दाब असल्यामुळे आधी दृष्टी जाते: रंग फिके पडतात, कडा काळवंडतात. भार आणखी वाढला की शुद्ध हरपते. मेंदूकडे मात्र काही सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून कोस्टरवरचे एक-दोन सेकंदांचे चार जी निरोगी माणसाला त्रास देत नाहीत. वैमानिकाला तेच, किंवा नऊ जीसुद्धा, बराच काळ पेलायचे असतात. त्यासाठी पाय-पोट आवळणारा हवेचा पोशाख हवा, स्नायू ताणून श्वास रोखण्याचं तंत्र हवं आणि महिनोन्महिन्यांचा सराव हवा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर बसू नका, असं राईडबाहेर लिहिलेलं असतं ते याच शरीरशास्त्रामुळे. त्या सूचनेकडे काणाडोळा करणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, की ती मनापासून पाळा. आणि बिडदीची प्रसिद्ध तट्टे इडली राईडच्या नंतर खा. डोळे एक सांगतात आणि अंतर्कर्ण दुसरंच, तेव्हा भरलं पोट साथ देत नाही.

उंचावरून सोडणाऱ्या मनोऱ्यांवर ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते चूक आहे. गुरुत्वाकर्षण तिथे पुरेपूर असतं. आसनच तुमच्याबरोबर पडत असल्याने ते तुम्हाला खालून रेटत नाही, इतकंच. शुभांशू शुक्ला २०२५च्या जून-जुलैत अंतराळ स्थानकात तरंगत होते, तिथेही पृथ्वीचं आकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. तेही पडतच होते, फक्त आडवा वेग एवढा की जमीन येत नव्हती. चाळीस मीटरचं मुक्त पतन तीन सेकंदही टिकत नाही. पण तेवढ्या वेळात मनोऱ्यावरचं मूल आणि अंतराळवीर एकाच भौतिक अवस्थेत असतात, आणि ही खरी गोष्ट जाहिरातीतल्या खोट्या शब्दांपेक्षा किती थोर आहे!

स्वीडनच्या आन-मारी पेंड्रिल मूळच्या अणुभौतिकीतल्या. त्यांनी थीम पार्कांची प्रयोगशाळा केली. विद्यार्थ्यांना दोऱ्याला बांधलेलं हलकं खेळणं आणि त्वरणमापक देऊन त्या राईडवर पाठवतात, आणि मुलं आलेख घेऊन परततात. पाठ्यपुस्तकातली गोल गिरकी खऱ्या पार्कात नसते, यावर त्यांनी संशोधनलेखही लिहिला आहे. आपल्याकडे शाळांच्या सहली बिडदीला येतात, खोपोलीला जातात, आणि एकाही समीकरणाची आठवण न काढता बसमध्ये चढतात.

पार्कांच्या चालकांना माझी विनंती आहे: प्रत्येक राईडच्या पाटीवर उंची आणि वेगाखाली तिसरी ओळ लिहा, जास्तीत जास्त किती जी आणि किती सेकंद. राईड बसवताना हे मोजलेलं असतंच. रुळाची आकृती आणि भाराचा आलेख रांगेच्या भिंतीवर लावा. तासभर ताटकळणाऱ्या मुलांना याहून चांगलं वाचन कोणतं?

शिक्षकांना आणि पालकांना मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहायला नको. कोस्टरवर मोबाइल नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे, पण पुढचा प्रयोग नुसत्या डोळ्यांनी होतो, आणि तो गावच्या जत्रेतही करता येतो. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा गोल फिरणारा पाळणा खालून पाहा. एका खुर्चीत लहान मूल असेल, शेजारच्या खुर्चीत धिप्पाड माणूस, पुढची रिकामी. एकाच रांगेतल्या या तिन्ही खुर्च्या जवळजवळ एकाच कोनात बाहेर झेपावलेल्या दिसतील. त्या कोनाचं समीकरण मुलांकडून कागदावर सोडवून घ्या: वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं आणि छेदलं जातं.