सेल्फचा बाहेरचा स्विच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कसबे शिवथर, कुंभे शिवथर, आंबे शिवथर या गावांकडे गाडी अडली, तर महाडहून मेकॅनिक येईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. त्यामुळे जीप, पिकअप किंवा मिनिडोअर चालवणारा माणूस टॅपेट, प्लग, डिझेल लाइनची एअर अशी लहानसहान कामं स्वतःच करतो. अडचण एकच असते. बॉनेटखाली डोकं घालणारा एक आणि चावी फिरवणारा दुसरा, अशी दोन माणसं लागतात. ‘मार!’, ‘बस्स!’ असं ओरडत काम चालतं. दुसरा माणूस नसेल, तर सेल्फला बाहेरून लावायचा हाताचा स्विच त्याची जागा घेतो. वस्तू साधी आहे, पण तिच्याबद्दलचे गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज १ : हा लांबून गाडी सुरू करायचा रिमोट आहे.

वस्तुस्थिती : नाही. चावीच्या जुडग्यातल्या रिमोटशी त्याचा संबंध नाही. मुठीत मावणारं बटण, त्याला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप, एवढाच हा सगळा प्रकार. बटण दाबलं की सेल्फ फिरतो, सोडलं की थांबतो. त्याचं काम इंजिन फिरवण्याचं आहे, गाडी सुरू करण्याचं नाही.

गैरसमज २ : सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, एवढं बटण जळून जाईल.

वस्तुस्थिती : सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो हे खरं, पण तो करंट या बटणातून जात नाही. सेल्फच्या अंगावर सोलेनॉइड बसलेला असतो. त्याच्या एका जाड बोल्टला बॅटरीची थेट केबल येते आणि बाजूच्या लहान पिनेवर चावीकडून बारीक वायर येते. अनेक गाड्यांवर बोल्टला 30 आणि लहान पिनेला 50 असा आकडा असतो. लहान पिनेला करंट मिळाला की सोलेनॉइड पिनियन पुढे ढकलतो आणि आतले जाड कॉन्टॅक्ट जोडतो. आपलं बटण फक्त सोलेनॉइडला जागं करतं.

म्हणून लहान पिनेवरची वायर उपसून एक क्लिप तिथे लावायची. दुसरी क्लिप सगळ्यात शेवटी 30 च्या बोल्टवर किंवा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावायची. काढताना हाच क्रम उलटा.

गैरसमज ३ : पेचकस टेकवला तरी तेच होतं, स्विच कशाला?

वस्तुस्थिती : सेल्फ फिरतो, एवढंच साम्य. पेचकसाने ठिणगी उडते, तो घसरून बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो आणि टोक वितळून चिकटलं तर सेल्फ थांबवता येत नाही. चुकून दोन जाड बोल्ट जोडले गेले, तर पिनियन पुढे न येता मोटर नुसतीच भरधाव फिरते. त्यात चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणूनच शेवटची क्लिप शक्यतो बॅटरीपासून दूर, सेल्फच्या बोल्टवर लावलेली बरी.

गैरसमज ४ : चावी खिशात आहे, म्हणजे इंजिन सुरू होणारच नाही.

वस्तुस्थिती : पेट्रोल गाडीत हे बहुतेक वेळा खरं ठरतं, कारण चावीशिवाय प्लगला ठिणगी मिळत नाही. जुन्या डिझेल जीपचं गणित वेगळं आहे. डिझेलला ठिणगी लागतच नाही. मेकॅनिकल पंपाच्या ज्या गाडीत इंजिन बंद करायला नॉब ओढावा लागतो, तिथे सेल्फ फिरला की इंजिन सुरू होऊ शकतं. अशा गाडीत स्टॉपचा नॉब ओढून बांधून ठेवायचा, मगच बटणाला हात लावायचा.

गैरसमज ५ : क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, मग गिअरची भीती कसली?

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त घात हा समज करतो. क्लचचा किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच चावीच्या सर्किटमध्ये असतो. आपण ते सर्किटच वळसा घालून टाळलेलं असतं. गाडी गिअरमध्ये असेल तर बटण दाबताच ती उडी घेते आणि तिच्यासमोर आपणच उभे असतो. आंबेनळी किंवा वरंध घाटाच्या बाजूची गावं उतारावर आहेत. तिथे न्यूट्रल केल्यावर गाडी घरंगळण्याचाही धोका असतो. त्यामुळे आधी चाकांना दगड, मग हँडब्रेक, मग न्यूट्रल. गिअरची दांडी आडवी हलवून खात्री करायची.

गैरसमज ६ : बारा व्होल्ट काय करणार?

वस्तुस्थिती : बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. पण हातातली अंगठी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यात सापडला, तर क्षणात लाल होऊन मांस भाजतो. प्लगच्या वायरीत तर हजारो व्होल्ट असतात. अंगठी, कडं, घड्याळ उतरवून ठेवा. बाह्या, पंचा, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवा.

गैरसमज ७ : एकदा स्विच मिळाला की सगळी कामं बटणावर होतात.

वस्तुस्थिती : कॉम्प्रेशन तपासायला तो उत्तम. सगळे प्लग काढायचे, कॉइलचा आणि इंजेक्टरचा कनेक्टर सोडवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि गेजकडे बघत चार-पाच दाब मोजायचे. पेट्रोल इंजिनात साधारण १५०-१८० पीएसआय दाब मिळतो. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो.

टॅपेटसाठी मात्र बटणाने इंजिन अंदाजानेच पुढे सरकतं. नेमकी खूण जुळवायला पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानेच फिरवावं लागतं. पाना लावण्याआधी स्विचची क्लिप काढून ठेवा. पाना बोल्टवर असताना बटण दाबलं गेलं, तर तो हातासकट फिरतो.

सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त फिरवू नका. मध्ये एखाद-दोन मिनिटं त्याला गार होऊ द्या. सेल्फ जळतो तो स्विचमुळे नाही, दम न देता रेटल्यामुळे.

गैरसमज ८ : पाण्यात बुडालेली गाडी आधी सेल्फ मारून बघावी.

वस्तुस्थिती : २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेलं, गाड्याही बुडाल्या. अशा गाडीला पहिला सेल्फ मारणं हीच सगळ्यात महागडी चूक ठरते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा. मग पुलीवरून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर पडू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदला. स्विचची पाळी त्यानंतर.

गैरसमज ९ : कोणत्याही गाडीला चालतो.

वस्तुस्थिती : जुन्या जीप, पिकअप, साध्या पेट्रोल गाड्या यांना चालतो. पूर्ण हायब्रिड गाडीत बहुधा असा सेल्फच नसतो आणि तिच्या नारिंगी केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो. तिच्या वाटेला जाऊ नका.

सीटवर बसणारा माणूस फक्त चावी फिरवत नव्हता. गिअर, ब्रेक, चाक यांवरही त्याचं लक्ष असे. स्विच त्याच्या हाताची जागा घेतो, नजरेची घेत नाही. म्हणून एकट्याने काम करणाऱ्याने दगड, हँडब्रेक, न्यूट्रल आणि स्टॉप या चार गोष्टी प्रत्येक वेळी स्वतः तपासाव्यात. तेवढं जमत नसेल, तर शेजारच्याला हाक मारावी.